‘चोख’ आणि ‘चोखंदळ’

पारखून निवड करणाऱ्या मनुष्यास मराठीत ‘चोखंदळ’ म्हणतात. हा शब्द ‘चोखणे’ या क्रियापदावरून, म्हणजे खाण्यापिण्याच्या आवडीनिवडीवरून आला असावा, असे वरवर पाहता वाटते. परंतु शोषून घेणे या अर्थाचे ते क्रियापद निराळे होय. ‘चोखंदळ’चे नाते ‘चोख’ या विशेषणाशी आहे.

‘चोख’चे मूळ संस्कृत ‘चोक्ष’, म्हणजे स्वच्छ, शुद्ध. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धास उचित अशा जागांना हे विशेषण लाविले आहे. प्राकृतात त्याचे ‘चोक्ख’ झाले. आणि ज्या नियमाने ‘परीक्षा’पासून ‘पारख’ निघाली, त्याच नियमाने मराठीत ‘चोख’ सिद्ध झाले. शके 1212 (इ. स. 1290) मधील ज्ञानेश्वरीत ‘चोखट’ हे त्याचे विस्तारित रूप आढळते. ‘चोखाळणे’ म्हणजे मुळात शुद्ध करणे. पुढे ‘वाट चोखाळणे’ या प्रयोगात त्यास पसंत करून अनुसरणे हा अर्थ आला. शुद्ध करणे म्हणजे नको ते वेगळे काढणे. ते काढल्यावर जे उरते तीच निवड. अर्थांतराचा दुवा येथे आहे.

मात्र एक भेद लक्षात घ्यावा लागतो. ‘चोख सोने’ यात गुण सोन्याचा आहे. ‘चोखंदळ गिऱ्हाईक’ यात तो पाहणाऱ्याच्या दृष्टीचा आहे. सोने कधी चोखंदळ नसते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांच्या नावाचे पूर्वपद शुद्धतावाचक आहे; तथापि महार जातीत जन्मल्यामुळे त्यांना पंढरपूरच्या देवळात प्रवेश नव्हता. परंपरेनुसार 1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी महाद्वारासमोर, म्हणजे देवळाच्या बाहेरच आहे. साने गुरुजींच्या 1947 मधील उपोषणानंतर ते मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले.

ज्याचे नाव चोख, तोच निवडणाऱ्यांनी बाहेर ठेविला. नाकारलेल्या वस्तूच्या माथी मारलेला दोष कित्येकदा नाकारणाऱ्याच्या कसोटीत असतो. कोशकाराने ‘चोख’ व ‘चोखंदळ’ यांचे मूळ एक सांगावे, पण त्यांचे अर्थ एक करू नयेत.