स्वस्त लाकूड नेमकं कुणाला स्वस्त?

रेगेन्सबर्गला डॅन्यूबच्या काठाने होल्त्सलेंडेश्ट्रास नावाचा रस्ता जातो. होल्त्स म्हणजे लाकूड, लेंडे म्हणजे धक्का. रेल्वे इथे आली १८५९ मध्ये; त्याआधी ओंडके लांबून आणायचे तर नदीच सोयीची. स्प्रूस, फर आरामात तरंगतात. ओला ओक इतका जड, की बुडायची भीती. म्हणून युरोपातल्या नद्यांवर तो हलक्या ओंडक्यांना बांधून आणत. म्हणजे टणक लाकडाच्या किमतीत झाडाइतकाच वाहतुकीचाही हिशेब होता.

पण आणखी एक खर्च असतो, तो बाजारभावात दिसत नाही. त्याबद्दल आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेलं 'आज्ञापत्र' बोलतं. ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. आरमाराला सागवान हवंच, पण ते परवानगीनेच तोडायचं. कमी पडलं तर बाहेरून विकत आणायचं. आंबा-फणसही कामाचे, तरी त्यांना हात लावायचा नाही. का? ही झाडं एक-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जुनं झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्यायचं. जबरदस्ती नाही.

हा नुसता निसर्गप्रेमाचा उपदेश नाही. सरकारला फुकट मिळालेल्या लाकडाची किंमत रयत मोजते आणि तिचा तळतळाट राज्याला भोवतो, हे त्यात स्पष्ट आहे.

आज टेबलासाठी स्वस्त ओक शोधताना भाव जरूर विचारा. सोबत एवढंही विचारा: झाड कुणाचं होतं, आणि त्याला काय मिळालं?