गोठणबिंदूची घट (घरगुती पदार्थांमुळे होणारी)

पाण्यात मीठ, साखर किंवा खाण्याचा सोडा विरघळला की ते ०° से. खाली गोठू लागते. या बदलास गोठणबिंदूची घट म्हणतात. विरळ विद्रावात घटीचे प्रमाण विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरते. कण कोणत्या पदार्थाचे, याला फारसे महत्त्व नसते.

कारण : शुद्ध पाण्यात ०° से.ला बर्फावर बसणाऱ्या व बर्फातून सुटणाऱ्या रेणूंचा वेग सारखा असतो. विरघळलेल्या कणांमुळे बसण्याचा वेग मंदावतो, सुटण्याचा तसाच राहतो. समतोलासाठी तापमान आणखी उतरावे लागते. बर्फाच्या स्फटिकात हे कण सहसा शिरत नाहीत. त्यामुळे सरबत गोठताना आधी जवळजवळ निव्वळ पाण्याचा बर्फ होतो आणि उरलेला द्रव दाट होत जातो.

इतिहास : घट विद्रावाच्या संहतीच्या प्रमाणात असते, हे चार्ल्स ब्लॅगडेन यांनी १७८८ मध्ये मांडले. राउल्ट, व्हांट हॉफ व अऱ्हेनियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला सैद्धांतिक पाया दिला.

प्रमाण : १ किग्रॅ. पाण्यात १ मोल कण असल्यास घट १.८६° से. होते. तेवढ्याच पाण्यात १०० ग्रॅ. साखर सुमारे ०.५°, तर १०० ग्रॅ. मीठ सुमारे ६° घट करते. कारण मिठाचा रेणुभार लहान असतो आणि पाण्यात त्याचे दोन कण (आयन) होतात.

हिमकारी मिश्रण : आइस्क्रीमच्या लाकडी संचात डब्याभोवती बर्फ व खडेमीठ भरतात. मिठामुळे बर्फ वितळू लागतो, वितळण्यास लागणारी उष्णता (दर ग्रॅमला सु. ३३४ जूल) मिश्रणातून व डब्यातील दुधातून ओढली जाते. मीठ-पाण्याच्या मिश्रणाची नीचतम मर्यादा –२१.१° से. असून तेव्हा मिठाचे प्रमाण वजनाने सु. २३ टक्के असते. कल्हईवाल्याकडचा नवसागरही असेच मिश्रण देतो; फॅरनहाइट यांनी १७२४ मध्ये आपल्या मापश्रेणीच्या शून्यासाठी त्याचा उल्लेख केला आहे.

दुधाची परीक्षा : या गुणधर्माचा सर्वांत मोलाचा लोकोपयोग येथे होतो. दुधातील दुग्धशर्करा व क्षार यांमुळे त्याचा गोठणबिंदू –०.५४° से.च्या आसपास राहतो. स्निग्धांश गायी-म्हशीगणिक व ऋतूगणिक पुष्कळ बदलतो, गोठणबिंदू मात्र फारच थोडा. स्निग्धाचे गोलक व केसीन विरघळलेले नसल्याने किंवा त्यांचे कण संख्येने अत्यल्प असल्याने त्यांचा परिणाम नगण्य असतो. पाणी मिसळले की गोठणबिंदू शून्याकडे सरकतो : मूळ –०.५४०° असलेले दूध –०.४८६° ला गोठल्यास त्यात सुमारे १० टक्के पाणी आहे. मोजणीसाठी गोठणमापक (क्रायोस्कोप) वापरतात. नमुना आधी गोठणबिंदूखाली द्रवरूपातच थंड करून मग हालवतात. गोठण सुरू होताच तापमान चढून जेथे स्थिरावते, तो आकडा घेतात. दूध आंबले असेल तर दुग्धशर्करेपासून दुग्धाम्ल होऊन कण वाढतात व भेसळ लपते. पाण्यासोबत साखर, मीठ किंवा युरिया घातल्यानेही तसेच होते. म्हणून ताजा नमुना आणि या पदार्थांची स्वतंत्र रासायनिक तपासणी, दोन्ही आवश्यक ठरतात.

समुद्रजल : सर्वसाधारण क्षारतेस सु. –१.९° से.ला गोठते.