लोकानुनयी प्रचारभाषा : गोरेगावचा पाणीप्रश्न ते समाजमाध्यमे

प्रस्तावना

'सामान्य जनता' विरुद्ध 'सत्ताधीश' अशी सरळ विभागणी करणारी प्रचारभाषा समाजमाध्यमांनी जन्माला घातली, असा समज रूढ आहे. मुंबई उपनगरातील गोरेगावचा राजकीय इतिहास या समजाला छेद देतो. प्रस्तुत निबंधात १९७७ व २०१९ च्या लोकसभा निवडणुकांच्या आधारे या भाषेचे स्वरूप तपासले आहे.

घोषणेमागील कार्य

समाजवादी कार्यकर्त्या मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या. उपनगरातील पाणीटंचाईविरुद्धच्या लढ्यामुळे लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव दिले. १९७२ मध्ये त्या विधानसभेवर गेल्या. पुढे महागाईविरोधी लाटणे मोर्चा व आणीबाणीतील तुरुंगवास यांनी त्यांचे नेतृत्व अधिक दृढ झाले. १९७७ मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही घोषणा याच निवडणुकीची देणगी होय.

रचनेच्या दृष्टीने ही घोषणा पूर्णतः लोकानुनयी आहे. आणीबाणीचा गुंतागुंतीचा घटनात्मक प्रश्न ती दोन व्यक्तींच्या द्वंद्वात बसवते. तथापि 'पाणीवाली' हे विशेषण प्रचारयंत्रणेने घडवलेले नव्हते. त्यामागे दीड दशकाचे कार्य होते आणि त्याची सत्यता मतदार आपल्या वस्तीतील नळावर पडताळू शकत होता.

दृक्‌श्राव्य पुराव्याची भाषा

२०१९ मध्ये राज ठाकरे यांनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत पंतप्रधानांची जुनी भाषणे सभांतून दाखवली. या चित्रफिती समाजमाध्यमांवर सर्वदूर पोहोचल्या. येथे पुरावा होता. परंतु महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने ती निवडणूक लढवली नसल्याने त्या भाषेला बांधील उमेदवार नव्हता. भाजप-शिवसेना युतीने राज्यातील ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या. प्रसार आणि मतदान यांचे समीकरण सरळ नसल्याचे यावरून दिसून येते.

निवडणूक आयोगाने २०१३ मध्येच समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणीकरण लागू केले. मात्र नागरिक परस्परांना पाठवतात ते संदेश या व्यवस्थेच्या कक्षेत येत नाहीत.

निष्कर्ष

लोकानुनय हा माध्यमाचा नव्हे, तर निवडणुकीय राजकारणाचाच जुना गुणधर्म आहे. बदलले आहे ते भाषा आणि उत्तरदायित्व यांतील अंतर. गोरेगावात घोषणा कार्याच्या मागून आली. आज ती कार्याची वाट न पाहता मतदारापर्यंत पोहोचू शकते. म्हणूनच प्रचारभाषेचे मूल्यमापन करताना तिच्या प्रसारापेक्षा तिच्यामागील कार्य व उत्तरदायी व्यक्ती यांचा शोध घेणे अधिक महत्त्वाचे ठरते.