इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर

इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर हा चित्रकार अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांनी १९६९ मध्ये तयार केलेला १६ मिमी अमूर्त लघुपट होय. पदार्थविज्ञानातील क्लाउड चेंबर, म्हणजे अदृश्य कणांचे मार्ग बाष्पातील रेषांतून दाखवणारे उपकरण, यावरून त्याचे नाव घेतले आहे.

पदमसी यांनी जवाहरलाल नेहरू पाठ्यवृत्तीच्या आधारे मुंबईत 'व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप' सुरू केली होती. नलिनी मालानी यांचे आरंभीचे चित्रपटप्रयोगही तेथलेच. पदमसी यांचा आधीचा 'सिझिजी' हा रेखांकनांवर बेतलेला मूकपट होता. या लघुपटात मात्र त्यांनी स्वतःच्या एका तैलचित्रातील भूदृश्य प्रकाशातून उभे केले. स्टेन्सिलमधून घडवलेले आकार प्रक्षेपकाच्या साहाय्याने एकमेकांवर टाकले गेले. कॅमेरा स्वतःच्याच पडद्यावर रोखून मिळणारी व्हिडिओकलेतील फीडबॅकची वलये येथे नाहीत. प्रत्येक थर हाताने रचलेला आहे. गीता साराभाई यांचे इलेक्ट्रॉनिक संगीत त्यास होते.

दिल्लीतील एका प्रदर्शनासाठी पाठवलेली एकमेव प्रत गहाळ झाली. त्यामुळे लघुपटाविषयीची माहिती मुख्यतः पदमसी यांच्या आठवणींवरच आधारलेली आहे. त्याच आठवणींच्या आधारे दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींसह त्याची पुनर्निर्मिती केली आणि २०१६ मध्ये त्याच नावाचा लघुपट सादर केला.