गायींच्या स्पंजसदृश मेंदुविकाराचे निदान

इंग्लंडमधील वेब्रिज येथील केंद्रीय पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत १९८६ साली गायींच्या मेंदूच्या छेदांत स्पंजासारखी छिद्रे आढळली. रोगकारक प्रायॉन-प्रथिनाविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे निर्माण होत नसल्यामुळे रक्तपरीक्षेचा नेहमीचा मार्ग बंद होता. मृत्यूनंतर मस्तिष्कस्तंभाची तपासणी हाच आधार उरला. परंतु छिद्रे पडतात ती रोग बळावल्यावर. प्रोटिनेझ-के या विकराने निरोगी प्रथिन पूर्णपणे पचते, विकृत प्रथिनाचा गाभा मात्र शिल्लक राहतो. या भेदावर पुढे शीघ्र चाचण्या उभारण्यात आल्या. २००० च्या नोव्हेंबरात अशा चाचणीने जर्मनीत जन्मलेल्या गायीतील रोग प्रथमच उघडकीस आणला; तोवर तेथील देशी गोधन रोगमुक्त मानले जाई. रोग न आढळणे आणि रोग नसणे या दोन भिन्न गोष्टी होत, हेच या इतिहासाचे सार होय.