विमानातील माल आणि त्याची कुलपे

कुलूप म्हटले की आपल्या मनात पहिल्याने चोर उभा राहतो. घराला, पेटीला, दुकानाला आपण कुलूप लावतो ते बाहेरच्या माणसाने आत येऊ नये म्हणून. परंतु गेल्या शतकात माणसाने असे एक कुलूप घडविले की ज्याचा चोराशी काडीचाही संबंध नाही. विमानाच्या पोटातील माल जागचा हलू द्यावयाचा नाही, एवढेच त्याचे काम. या लहानशा वस्तूच्या इतिहासाकडे आज आपण वळणार आहोत. कारण आमच्या मते हा केवळ यंत्राचा इतिहास नाही, तो जबाबदारीचाही इतिहास आहे.

माल हलला तर असे बिघडते तरी काय? आपल्याकडील गाडीवानाला हे कोणी शिकवावे लागत नाही. पोती मागे जास्त झाली की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. गाडीवान खाली उतरतो, दोन पोती पुढे सरकवितो आणि पुन्हा मार्गाला लागतो. विमानाचा न्याय हाच. त्याचा गुरुत्वमध्य ठराविक मर्यादेत असावा लागतो. तो फार मागे गेला तर नाक वर चढत जाते, पंखांवरून वाहणारी हवा विस्कटते आणि विमानाला तोलून धरणारी शक्तीच नाहीशी होते. भेद इतकाच, की वैमानिकाला मध्येच उतरून पोती सरकविता येत नाहीत.

प्रारंभीच्या काळात हा प्रश्न फारसा जाणवला नाही. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून नैनीला सुमारे ६,५०० पत्रे नेली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूच्या धावपट्टीवर, टपाल आणले. मालाचे ओझे टपालाच्या थैलीएवढे होते, तोवर कुलपाची गरज कोणाला भासणार?

ती भासू लागली युद्धोत्तर काळात. १९४८ साली सोव्हिएत सत्तेने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे अडविले, तेव्हा अमेरिकन व ब्रिटिश विमानांनी १९४९ च्या सप्टेंबरपर्यंत सुमारे २,७७,००० फेऱ्या करून २३ लाख टनांच्या आसपास माल त्या नगरीला पोचविला. त्यातील मोठा भाग कोळशाचा होता. पोते न् पोते माणसांच्या हातांनी चढविले, बांधले आणि उतरविले गेले. पराक्रम मोठा होता. पण जमिनीवर उभे असलेले विमान म्हणजे नुसते गोदाम, हा धडाही त्यातून मिळाला.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन वायुदलाने यावर जी योजना आखली ती '४६३-एल' या नावाने ओळखली जाते. तिचे मूळ एका फळीत आहे. ८८ इंच रुंद आणि १०८ इंच लांब अशी ही फळी. पोटात बाल्साचे हलके लाकूड, वर-खाली ॲल्युमिनियमचा पत्रा, कडेने २२ कड्या. माल जमिनीवरच तिच्यावर रचावयाचा, वरून जाळे टाकून कड्यांत अडकवावयाचे, आणि ती फळी विमानातील रुळांवरून आत ढकलावयाची. रुळांचे ओठ तिला वर उचलू देत नाहीत व बाजूला सरकू देत नाहीत. आणि रुळांतील कुलपांच्या जिभा फळीच्या कडेच्या खाचांत बसल्या, की ती पुढेमागेही हलत नाही. या व्यवस्थेने मालाच्या वजनाच्या तिप्पट जोर पुढे, दुप्पट वर आणि दीडपट मागे व बाजूंना सोसावा, असा दंडक आहे. पुढे नागरी मालविमानांतही अशाच फळ्या आणि अशीच कुलपे आली.

मग अपघात संपले काय? नाही. त्यांचे स्वरूप मात्र बदलले.

पहिले उदाहरण मालाच्या दरवाजाचे. १२ जून १९७२ रोजी कॅनडातील विंडसर नगरावर एका डीसी-१० विमानाचा मालाचा दरवाजा उडाला. वैमानिकाच्या कौशल्याने सर्व ६७ जण वाचले. खिट्या पुरत्या बसल्या नसतानाही दरवाजाची मूठ बंद होऊ शकते, हा दोष तेव्हाच उघड झाला होता. तरीही ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ त्याच जातीचे विमान तसेच कोसळले आणि ३४६ माणसे गेली. कागदोपत्री त्या विमानाची दुरुस्ती झालेली होती. प्रत्यक्षात ती अपुरी होती. खिट्या तपासण्याच्या झरोक्याजवळची सूचना इंग्रजी आणि तुर्की भाषांत होती. दरवाजा लावणाऱ्या कामगाराला या दोन्ही भाषा वाचता येत नव्हत्या. दोष त्याचा म्हणावा काय?

दुसरे उदाहरण मायामीचे. ७ ऑगस्ट १९९७ रोजी कापड घेऊन निघालेले डीसी-८ मालविमान उड्डाणानंतर लगेच पडले. विमानातील चार आणि जमिनीवरील एक, असे पाच जण मेले. ऐनवेळी विमान बदलले होते, आणि गुरुत्वमध्य वैमानिकांच्या समजुतीपेक्षा मागे होता. चौकशीने मुख्य दोष चुकीच्या भरणीला दिला. पण अवशेषांतील अनेक कुलपेही उघडीच आढळली. साधन होते, ते लावलेले नव्हते.

तिसरे उदाहरण अफगाणिस्तानातील बगरामचे. २९ एप्रिल २०१३ रोजी एका बोइंग ७४७ मालविमानात पाच चिलखती गाड्या होत्या. तो बोजा नेहमीच्या कुलपांत बसणारा नव्हता; तो पट्ट्यांनी बांधला होता. उड्डाण होताच एक गाडी सुटून मागे गेली, तिने विमानाची शेपटीकडील यंत्रणा निकामी केली, आणि सातही जण मृत्यू पावले. एक पट्टा तुटल्याची चर्चा कर्मचाऱ्यांत आधीच झाली होती. असा माल बांधणाऱ्यांना रीतसर परवाना असावा, अशी शिफारस पुढे चौकशी मंडळाने केली.

पॅरिसला कुलूप खोटे बोलले, मायामीला ते मुके राहिले, बगरामला ते नव्हतेच. तिन्ही ठिकाणी कागद मात्र सुरळीत चालला होता. म्हणून आम्हांस वाटते, की कुलपाची परीक्षा पोलादाच्या बळावर संपत नाही. ते लागले आहे की नाही हे साध्या कामगाराला साध्या डोळ्यांनी दिसले पाहिजे. आणि 'लागले नाही' असे त्याने म्हणताच विमान थांबले पाहिजे. ज्या व्यवस्थेत त्या माणसाच्या शब्दाला किंमत नाही, तेथे कुलपे कितीही उत्तम असोत, माल सुटाच आहे असे समजावे.