उलटं कोरणारे हात

बांगडीवरची वेलबुट्टी सोनाराने कोरलेली असते असं आमच्या नात्यातल्या पुष्कळांना वाटतं. बऱ्याचदा तसं नसतं. ती आधी पोलादात कोरलेली असते, आणि कोरणारा असतो डायमेकर. आमच्या नवापूरहून किनाऱ्याने उत्तरेला जाऊन तारापूरची खाडी ओलांडली की चिंचणी लागते. चिंचणी, वरोर आणि आसपासच्या गावांत हा धंदा घरोघरी, बापाकडून मुलाकडे चालत आला. माल जायचा मुंबईच्या झवेरी बाजारात.

पोलादाचा छोटा ठोकळा घासून गुळगुळीत करायचा, त्यावर नक्षी आखायची आणि बारीक छिन्नी-हातोडीने खोदायची. दागिन्यात जे वर यायचं ते इथे खोल. डावं ते उजवं. खोडरबर नाही. काम संपलं की ठोकळा लालबुंद तापवून त्याला पाणी द्यायचं, म्हणजे पोलाद कडक होतं. याच वेळी तडा गेला तर सगळी मेहनत पाण्यात! मग सोनार त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवतो, वर शिसं ठेवून ठोकतो. असे दोन अर्धे भाग डाग देऊन जोडले की आतून पोकळ, दिसायला भरीव दागिना तयार. थोड्या सोन्यात लेकीचं लग्न पार पडलं ते या युक्तीमुळे, हे आईबापांना ठाऊक असायचं.

ही विद्या आपल्या भागाला फार जुनी. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा आत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं सापडलं. राजाचा चेहरा आणि भोवती अक्षरं. म्हणजे कोणीतरी ती अक्षरं साच्यात उलटी कोरली होती. राजाचं नाव आपण वाचतो, कोरणाऱ्याचं कुठे आहे?

१९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी केली. ती अट पुढे सैल झाली, पण १९६८ चा कायदा १९९० पर्यंत राहिला. सोनारांचे हाल सर्वांना माहीत आहेत. सोनारच बसला तर डाय कोण घेणार, हा विचार मात्र फारसा कोणी केला नाही.

इकडे १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे एमआयडीसी वाढली. माझा एक विद्यार्थी वसईकडे टूलरूममध्ये लागला. तिथेही डायच, पण पत्र्याचे भाग कापायची. त्याने मला समजावलं: एक मिलिमीटरचा पत्रा कापायचा तर पंच आणि डाय यांत प्रत्येक बाजूला साधारण पाच ते दहा शतांश मिलिमीटर फट हवी. जास्त झाली तर कडेला बर येते, कमी झाली तर हत्यार लवकर झिजतं. मी भाषेचा मास्तर, मला हे ऐकून ऱ्हस्व-दीर्घ आठवले. असो.

आता संगणकावर चित्र काढलं की सीएनसी यंत्र तेच पोलाद कोरतं. यंत्राला मी नावं ठेवत नाही. पण हातकाम करणाऱ्याचा मुलगा छिन्नी धरत नाही, आणि का धरावी? मान मोडून, डोळे फोडून त्याला काय मिळतं ते त्याने घरात पाहिलेलं आहे. वाईट याचं वाटतं की या माणसांची नोंदच नाही. २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. त्यावरून सराफ कळतो, शुद्धता कळते, तपासणी केंद्र कळतं. डाय कोणाची ते कळत नाही.

चिंचणी-वरोरकडचे कोणी हे वाचत असतील तर एक विनंती. आजोबांच्या डाय माळ्यावर पडलेल्या असतील तर भंगारात घालू नका. ओल्या शाडूवर ठसा घ्या, वाळवा, आणि मागे त्यांचं पूर्ण नाव लिहून ठेवा. सुलट अक्षरांत.